सी भाषेतल्या स्ट्रिंग: एका कंपायलरवर चालतं ते दुसऱ्यावर का बिघडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका खोलीत इंजिनिअरिंगची पोरं आपापले अडलेले प्रोग्राम घेऊन माझ्याकडे येतात. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी, घरच्या लॅपटॉपवर जीसीसी, आणि पहिली नोकरी लागली की व्हिज्युअल स्टुडिओ. हे तिन्ही कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारे प्रोग्राम. या प्रवासात सगळ्यात जास्त छळते ती स्ट्रिंग, म्हणजे प्रोग्राममधला मजकूर. मी स्वतः कळमना मार्केटमधल्या एका अडत दुकानासाठी वजनपावतीचा प्रोग्राम लिहिला आहे. तो दुकानातल्या विंडोजवर चालतो, माझ्या लिनक्सवर चालतो आणि वजनकाट्याला जोडलेल्या छोट्या एआरएम बोर्डावरही चालतो. खालची बरीचशी उत्तरं त्या तीन मशीननी मला शिकवली.

फंक्शनची नावं इथे आपण लॅबमध्ये बोलतो तशीच लिहिली आहेत: स्ट्रकॉपी, स्ट्रलेन, एसएनप्रिंटएफ.

सर, सी तर एकच भाषा आहे ना? मग माझा प्रोग्राम मित्राच्या लॅपटॉपवर का पडतो?

भाषा एक आहे, पण तिचं प्रमाण (स्टँडर्ड) वेळोवेळी बदलत आलं: १९८९, १९९९, २०११ आणि त्यानंतरचं सी२३. प्रत्येक कंपायलर यातलं किती पाळतो आणि स्वतःच्या पदरचं किती घालतो, हे वेगवेगळं असतं. शिवाय काही गोष्टी प्रमाणानं मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत, उदाहरणार्थ साधा कॅर (एका बाइटचा अक्षराचा प्रकार) धन-ऋण धरायचा की फक्त धन.

स्ट्रिंगमध्ये हे जास्त बोचतं, कारण सीमध्ये स्ट्रिंग नावाचा वेगळा प्रकारच नाही. बाइटची एक रांग आणि तिच्या शेवटी शून्य, एवढंच. ती रांग किती लांब आहे आणि तिच्यासाठी जागा किती घेतली आहे, हे स्ट्रिंगला स्वतःला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत असावं लागतं. म्हणून मी पोरांना पहिल्या दिवशीच सांगतो: स्ट्रिंग एका फंक्शनमधून दुसऱ्याकडे जाईल तेव्हा तिच्या बफरचा, म्हणजे तिच्यासाठी घेतलेल्या जागेचा, आकारही सोबत गेला पाहिजे. ही सवय लागली की पुढच्या अर्ध्या अडचणी येतच नाहीत.

लॅबमध्ये स्ट्ररेव्ह, स्ट्रअपर, आयटोए सगळं चालते. जीसीसीमध्ये "सापडलं नाही" म्हणते. असं काहून?

कारण ही फंक्शनं सीच्या प्रमाणात कधीच नव्हती. टर्बो सीनं ती आपल्याकडून दिली, मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीतही त्यांचे भाऊबंद आहेत, लिनक्सवर नाहीत. स्ट्ररेव्ह पाच ओळींत स्वतः लिहिता येतं. आयटोएच्या जागी एसएनप्रिंटएफ वापरा.

टर्बो सीची आणखी एक सवय घातक आहे. अवतरणचिन्हांत लिहिलेली स्ट्रिंग पॉइंटरमध्ये (जागेचा पत्ता ठेवणाऱ्या चलात) घेऊन तिचं पहिलं अक्षर बदललं, तर तिथे काम होतं. लिनक्सवर तोच मजकूर फक्त वाचण्याच्या जागेत ठेवलेला असतो, त्यामुळे प्रोग्राम तिथेच कोसळतो. प्रमाण सांगतं की असा मजकूर बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर ॲरे घ्या. पॉइंटर घेतलात तर त्याच्यापुढे कॉन्स्ट लिहा, म्हणजे चूक कंपायलरच दाखवेल.

गेट्स वापरलं तर खरंच इतकं वाईट आहे का? पुस्तकात तर तेच आहे.

हो, खरंच वाईट आहे. गेट्स ओळ वाचतं, पण त्याला बफरचा आकार सांगायची सोयच नाही. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म हा मशीनमागून मशीन पसरणारा प्रोग्राम पसरला तेव्हा त्याची एक वाट फिंगर सेवेतल्या याच गेट्समधून गेली होती. सी११ मध्ये हे फंक्शन भाषेतूनच काढून टाकलं. एफगेट्स वापरा. जुन्या पुस्तकातला प्रोग्राम परीक्षेपुरता लिहावा लागला तर लिहा, पण बोटांना ती सवय लावू नका.

मग स्ट्रकॉपीऐवजी स्ट्रएनकॉपी वापरलं की झालं ना सुरक्षित?

नाही. मला सर्वांत जास्त वेळा खोडून काढावा लागणारा समज हाच आहे.

स्ट्रएनकॉपी सुरक्षित कॉपीसाठी बनलंच नव्हतं. सुरुवातीच्या युनिक्समध्ये फोल्डरच्या नोंदीत फाईलच्या नावाला १४ बाइटची ठरलेली जागा असे. नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची आणि नाव बरोबर १४ चं असेल तर शेवटचं शून्य नसलं तरी चालायचं. त्या कामासाठी हे फंक्शन अगदी चोख आहे. तुमच्या कामात मात्र दोन गोष्टी होतात. मूळ मजकूर जागेइतका किंवा जागेपेक्षा मोठा असेल तर शेवटी शून्य पडत नाही, आणि पुढचं स्ट्रलेन बफरच्या बाहेर भटकायला निघतं. मजकूर लहान आणि बफर मोठा असेल तर उरलेली सगळी जागा दर वेळी शून्यांनी भरली जाते, तो वेळ वाया जातो.

यातली पहिली गोष्ट कंपायलर बदलला की उघडी पडते. बफरच्या पुढच्या बाइटमध्ये एका मशीनवर योगायोगानं शून्य असतं, दुसऱ्यावर नसतं. माझ्या पावतीवर शेतकऱ्याच्या नावामागे मालाचं नाव चिकटून छापलं गेलं होतं ते यामुळेच. विंडोजवर वर्षभर ते कधी दिसलं नव्हतं.

एसएनप्रिंटएफ सगळीकडे सारखंच वागतं का?

आज बहुतेक ठिकाणी हो. ते सी९९ मध्ये प्रमाणात आलं. आकार शून्य नसेल तर शेवटी शून्य नक्की टाकतं, आणि पुरेशी जागा असती तर किती बाइट लिहिले गेले असते तो आकडा परत देतं. तो आकडा बफरच्या आकाराइतका किंवा त्याहून मोठा आला, म्हणजे मजकूर कापला गेला. ही तपासणी करा. बहुतेक पोरं हा परत आलेला आकडा बघतच नाहीत.

जुन्या व्हिज्युअल स्टुडिओत मात्र सुरुवातीला अंडरस्कोर असलेलं वेगळंच फंक्शन होतं. जागा अपुरी पडली तर ते शेवटचं शून्य टाकत नसे आणि ऋण आकडा देत असे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून प्रमाणाप्रमाणे वागणारं एसएनप्रिंटएफ आलं. नागपुरातल्या बऱ्याच दुकानांत आणि छोट्या कारखान्यांत अजून जुन्या आवृत्तीवर बांधलेले (कंपाइल केलेले) प्रोग्राम चालतात. असं काम हाती आलं तर "एसएनप्रिंटएफ म्हणजे अंडरस्कोरवालं" अशी मॅक्रोची ओळ कुणी लिहून ठेवली आहे का, ते आधी शोधा. ती ओळ बांधणीची चूक लपवते आणि चालताना घोळ घालते.

आणि एक: ज्या बफरमध्ये लिहायचं, तोच बफर मजकूर म्हणून आत देऊ नका. पावतीला ओळ जोडताना हा मोह होतो. एकावर एक येणाऱ्या जागांसाठी काय होईल याची प्रमाण हमी देत नाही.

स्ट्रएलकॉपी सगळ्यात बरं, असं वाचलं. वापरू का?

कल्पना चांगली आहे. ते १९९८ मध्ये ओपनबीएसडीत आलं. शेवटी शून्य टाकतं आणि मूळ लांबी परत देतं. मॅक आणि फ्रीबीएसडीवर ते आहे. लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीत मात्र ते २०२३ मध्ये २.३८ आवृत्तीत आलं, आणि पॉसिक्स या युनिक्स प्रणालींच्या प्रमाणात २०२४ मध्ये त्याला जागा मिळाली. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत ते नाही. तेव्हा थेट त्याच्यावर विसंबलात, तर विंडोजवर किंवा थोड्या जुन्या लिनक्सवर प्रोग्राम बांधलाच जाणार नाही.

व्हिज्युअल स्टुडिओ ४९९६ नंबरची सूचना देतं आणि स्ट्रकॉपी-एस वापरा म्हणतं. ऐकावं का?

फक्त विंडोजसाठी लिहित असाल तर ऐका. तिन्हीकडे न्यायचं असेल तर माझा सल्ला नाही असा आहे.

ही एस-वाली फंक्शनं सी११ च्या एका ऐच्छिक परिशिष्टात आहेत. जीलिबसीनं ती घेतलेली नाहीत, आणि मायक्रोसॉफ्टची आवृत्ती त्या परिशिष्टाशी तंतोतंत जुळत नाही. सर्वांत ठळक उदाहरण स्ट्रटॉक-एस: परिशिष्टात त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात, मायक्रोसॉफ्टमध्ये तीन. नाव एकच, वागणं वेगळं, यापेक्षा नाव नसलेलं परवडलं. शिवाय बफर अपुरा पडला तर मायक्रोसॉफ्टचं स्ट्रकॉपी-एस डिफॉल्ट सेटिंगमध्ये प्रोग्रामच बंद करतं. काट्यावर ट्रक उभा असताना हे मला चालणार नाही.

सूचना थांबवायची असेल तर त्यासाठीचा मॅक्रो आहे. पण तो लावण्याआधी प्रत्येक ठिकाणी आकाराची तपासणी खरंच केली आहे ना, ते बघा.

मग तुम्ही स्वतः काय वापरता?

एक छोटी फाईल. तिच्यात कॉपी, जोडणी, केस (इंग्रजी अक्षर लहान की मोठं) सोडून तुलना आणि ओळ वाचणं, अशी चार-पाच फंक्शनं. प्रोग्राममध्ये बाकी कुठेही थेट स्ट्रकॉपी किंवा स्ट्रकॅट नाही.

कॉपीचा करार असा: कुठे लिहायचं, तिथे किती जागा आहे, काय लिहायचं. जागा शून्य असेल तर काहीच करायचं नाही. नाहीतर स्ट्रलेननं लांबी मोजायची, मावेल तेवढं मेमकॉपीनं उचलायचं आणि शेवटी शून्य टाकायचंच. सगळं मावलं तर शून्य परत द्यायचं, कापलं तर एक. स्ट्रलेन आणि मेमकॉपी १९८९ पासून प्रमाणात आहेत, त्यामुळे ही फाईल टर्बो सीपासून आजच्या क्लँग या कंपायलरपर्यंत कुठेही बांधली जाते. कंपायलरनुसार बदलणारे सगळे इफडेफ (कोणता कोड घ्यायचा ते ठरवणाऱ्या ओळी) याच एका फाईलमध्ये राहतात.

नाव देताना एक काळजी घ्या. "स्ट्र" नंतर लहान इंग्रजी अक्षर येणारी नावं प्रमाणानं भाषेच्या पुढच्या वाढीसाठी राखून ठेवली आहेत. तुम्ही ठेवलेलं तसलं नाव उद्या लायब्ररीत आलं तर टक्कर होईल. मी सगळ्यांना "मंडी_" हा उपसर्ग लावला: मंडी_कॉपी, मंडी_जोड.

स्ट्रडप वापरलं की ६४ बिट लिनक्सवर प्रोग्राम पडतो. कोड तर बरोबर आहे!

बांधताना सी९९ चा कडक पर्याय दिला होता का? बहुधा तेच. स्ट्रडप पॉसिक्सचं होतं, सीच्या प्रमाणात ते सी२३ मध्ये आलं. कडक पर्याय दिला की जीलिबसीची हेडर फाईल त्याची ओळख लपवते. जुना कंपायलर मग फक्त सूचना देतो आणि गृहीत धरतो की हे फंक्शन इंट परत देतं. इंट ३२ बिटचा, पॉइंटर ६४ बिटचा. अर्धा पत्ता हरवतो आणि पहिल्याच वापराला प्रोग्राम कोसळतो. उपाय म्हणजे पहिल्या हेडरच्याही आधी पॉसिक्सचा मॅक्रो २००८०९ या किमतीसह लिहिणं, किंवा स्वतःचं मंडी_डप लिहिणं. जीसीसी १४ पासून अशी अनोळखी हाक थेट एरर ठरते. हे फार आधी व्हायला हवं होतं.

एआरएम बोर्डावर फाईल वाचणारं लूप थांबतच नाही. लॅपटॉपवर थांबतं. बोर्ड खराब आहे का?

बोर्ड ठीक आहे. मीही दोन दिवस बोर्डावरच संशय घेतला होता.

आंबिया बहाराची आवक जोरात होती. काट्याजवळच्या बोर्डानं गावांच्या नावांची फाईल वाचायला घेतली आणि तो तिथेच अडकला. बाहेर संत्र्याच्या गाड्यांची रांग. कोडमध्ये मी एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटसीचं उत्तर कॅरमध्ये घेत होतो. फाईल संपली की ते ईओएफ देतं, म्हणजे ऋण किंमत. इंटेलच्या मशीनवर जीसीसी आणि व्हिज्युअल स्टुडिओ दोन्ही साधा कॅर धन-ऋण धरतात, म्हणून तिथे तुलना जुळायची. एआरएम लिनक्सवर साधा कॅर फक्त धन असतो. वजा एक तिथे २५५ होतो, ईओएफशी कधीच जुळत नाही आणि लूप अखंड चालतं. उत्तर इंटमध्ये घेतलं की प्रश्न संपतो. आणि इंटेलवरही हा कोड बरोबर नव्हताच: फाईलमध्ये २५५ किमतीचा बाइट आला असता तर वाचन मध्येच थांबलं असतं.

याच कारणानं इझअल्फा, इझस्पेस, टूअपर यांना कॅर तसाच देऊ नका. "न" हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) २२४, १६४, १६८ असे तीन बाइट घेतं. धन-ऋण कॅरमध्ये ते वजा ३२, वजा ९२, वजा ८८ होतात. ही फंक्शनं ० ते २५५ आणि ईओएफ एवढंच स्वीकारतात. व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबग बांधणीत अशा वेळी थेट इशाऱ्याची खिडकी उघडते, लिनक्सवर गुपचूप काहीतरी उत्तर येतं. आधी अनसाइन्ड कॅरमध्ये बदला, मग द्या. मराठी मजकुराशी काम करणाऱ्याला यातून सुटका नाही.

"नागपूर" ची लांबी स्ट्रलेन १८ सांगतं. चूक कुठे आहे?

चूक नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. न, काना, ग, प, दीर्घ उकार, र अशी सहा चिन्हं, म्हणून १८ बाइट. साठवायला शेवटच्या शून्यासह १९ लागतात. वाचणाऱ्याला मात्र ना, ग, पू, र अशी चारच अक्षरं दिसतात. बाइट, चिन्हं आणि दिसणारी अक्षरं हे तीन वेगळे आकडे आहेत. स्ट्रलेन फक्त पहिला सांगतं.

बफर कापताना हे महत्त्वाचं ठरतं. माझ्या पावतीत गावासाठी २० बाइट होते. काटोल, सावनेर नीट छापायचे. कळमेश्वर आलं की शेवटी चौकोन उमटायचा. हिशोब करून बघा: आठ चिन्हं, २४ बाइट. मावले १९, म्हणजे सहा चिन्हं आणि "व"चा एकटा पहिला बाइट. तो लटकलेला बाइट म्हणजे तो चौकोन.

उपाय सोपा आहे. जिथे कापायचं, तिथला मूळ मजकुरातला पुढचा बाइट १२८ ते १९१ मध्ये असेल, तर तुम्ही एखाद्या चिन्हाच्या मधोमध आहात. तो बाइट या पट्ट्याबाहेर येईपर्यंत एकेक बाइट मागे सरका आणि तिथे शून्य टाका. तरीही "कळमेश्" असा पाय मोडलेला श उरतोच. मी शेवटी गावाची जागा ६४ बाइट केली. गावाचं नाव कापून छापणं हा त्या गावच्या माणसाचा अपमान आहे, असं मला वाटतं.

दोन नावं दिसायला अगदी सारखी आहेत, तरी स्ट्रकम्प वेगळी म्हणतं.

मराठीत हे हमखास होतं. "शेतकऱ्यांची" मधला ऱ दोन प्रकारे साठवला जातो: एकतर ऱ हे एकच चिन्ह, नाहीतर र आणि त्याखाली नुक्ता. काही कीबोर्ड तिसराच मार्ग घेतात, र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. स्ट्रकम्प बाइट बघतं, त्यामुळे उत्तर "वेगळं" येतं. मजकूर आत घेतानाच एक रूप ठरवून सगळं त्यात बदलून घ्या.

क्रम लावतानाही असंच. बाइटच्या हिशोबानं ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. स्ट्रकोल हे भाषेनुसार क्रम लावण्यासाठीच आहे, पण मराठीच्या लोकेलचं (भाषेच्या सेटिंगचं) नाव लिनक्सवर अंडरस्कोरनं लिहितात आणि विंडोजवर आडव्या रेघेनं, आणि काही छोट्या बोर्डांवर असते ती मसल ही सी लायब्ररी स्ट्रकोलमध्येही नुसते बाइटच बघते. तिन्हीकडे एकच यादी हवी म्हणून मी वर्णक्रमाचा छोटा तक्ता स्वतः लिहिला.

स्ट्रकम्पचं उत्तर १ आलं का, असं तपासलं तर?

तपासू नका. धन, ऋण की शून्य, एवढीच हमी आहे.

केस सोडून तुलना?

पॉसिक्समध्ये स्ट्रकेसकम्प, मायक्रोसॉफ्टमध्ये अंडरस्कोर-स्ट्रआयकम्प, टर्बो सीत स्ट्रआयकम्प. प्रमाणात एकही नाही. आपल्या फाईलमध्ये दहा ओळींत लिहा.

विंडोजवर बनवलेली फाईल लिनक्सवर वाचली की नावं जुळत नाहीत.

प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारा कॅरेज रिटर्न उरलेला असतो. विंडोज टेक्स्ट मोडमध्ये तो स्वतः काढतं, लिनक्स काढत नाही. एफगेट्सनंतर स्ट्रसीस्पॅनला कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन ही दोन चिन्हं द्या आणि ते जी जागा सांगेल तिथे शून्य टाका. ओळीच्या शेवटी दोन्ही असोत, एक असो की काहीच नसो, एकाच ओळीत काम होतं. हे फंक्शन पहिल्यापासून प्रमाणात आहे, पण पोरांना ते कुणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं.

नल पॉइंटर छापला तर लिनक्सवर कंसात "नल" येतं. मग चालतंय ना?

ती जीलिबसीची मेहेरबानी आहे, हमी नाही. फक्त पर्सेंट-एस आणि न्यूलाइन असेल तर जीसीसी ते प्रिंटएफ बदलून पुट्स करतो, आणि तिथे त्याच मशीनवर प्रोग्राम पडतो. छापण्याआधी तपासा.

मेमकॉपी आणि मेममूव्ह यात खरंच फरक पडतो का?

मजकूर स्वतःच्याच बफरमध्ये सरकवत असाल तर पडतो. २०१० मध्ये फेडोरा १४ वर जीलिबसीच्या मेमकॉपीनं बाइट उचलायची दिशा बदलली आणि फ्लॅश प्लेअरचा आवाज फाटू लागला, कारण त्यात एकावर एक येणाऱ्या जागांसाठी मेमकॉपी वापरलं होतं. जागा एकमेकांवर येण्याची शक्यता असेल तर मेममूव्ह.

मराठीसाठी वाइड कॅरेक्टर घ्यावं का?

तिन्हीकडे न्यायचं असेल तर नको. वाइड कॅरेक्टर म्हणजे एका बाइटहून मोठा अक्षराचा प्रकार. विंडोजवर ते १६ बिटचं, लिनक्सवर ३२ बिटचं. फाईलमध्ये तसंच लिहिलं तर दुसऱ्या मशीनवर वाचता येत नाही. आत सगळं यूटीएफ-८ ठेवा, विंडोजच्या फंक्शनला देताना तेवढ्यापुरतं बदला. व्हिज्युअल स्टुडिओला बांधताना यूटीएफ-८ चा पर्यायही द्या, नाहीतर कोडमधली देवनागरी तो विंडोजच्या कोडपेजनुसार वाचतो.

नवीन मशीनवर पहिल्यांदा चालवण्याआधी तुम्ही काय तपासता?

जीसीसी आणि क्लँगवर सगळ्या सूचना चालू करतो, ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड हे चालताना चुका पकडणारे दोन्ही सॅनिटायझर लावतो, व्हिज्युअल स्टुडिओत सूचनांची पातळी ४ ठेवतो. मग त्या एका फाईलमधल्या प्रत्येक फंक्शनला पाच मजकूर देतो: रिकामा, बफरमध्ये शेवटच्या शून्यासह नेमका मावणारा, त्याहून एक बाइट मोठा, २५५ किमतीचा बाइट असलेला, आणि २० बाइटच्या बफरमध्ये कळमेश्वर.